हिडकलच्या गाळात दोन मापांचे पक्षी: जात एक की दोन? आणि ते 'फिलोमॅकस' गेलं कुठं?

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. फेब्रुवारी असल्यामुळे पाणी बरंच मागं सरकलंय आणि काठाला ओला गाळ उघडा पडलाय. त्या गाळात साठ-पासष्ट पक्ष्यांचा थवा चरत होता. अर्ध्याहून जास्त पक्षी टिटवीपेक्षा जरा लहान. बाकीचे त्यांच्यापुढं अगदीच बारके, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या धाकट्यासारखे. पण पाठीवरची खवल्या-खवल्यांची नक्षी दोघांची सारखी, लांब मानेवर छोटंसं डोकंही सारखं. पाय मात्र कुणाचे नारिंगी, कुणाचे पिवळट, कुणाचे शेवाळी. एका मोठ्याची मान चक्क पांढरी होती.

आणि दीड तासात एकानंही तोंड उघडलं नाही. टिटव्यांनी तेवढा गोंधळ घातला.

भाचा म्हणाला, "मामा, या दोन जाती आहेत." त्याच्या मोबाईलमधलं अॅप म्हणालं, दोन्ही 'रफ'. घरी येऊन मी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेलं पुस्तक काढलं. त्यात रफचं शास्त्रीय नाव 'फिलोमॅकस पग्नॅक्स' आहे. अॅपमध्ये 'कॅलिड्रिस पग्नॅक्स'. आता जाणकारांनी सांगावं: पक्षी एक की दोन, आणि नाव कुठलं खरं?

---

तंबाखूची_वखार

फोटो कुठायत काका? फोटोशिवाय पक्ष्यांचा धागा म्हणजे कुंद्याशिवाय बेळगाव.

---

घटप्रभाकाठ

मोबाईल दुर्बिणीला टेकवून काढलेत. चिखल फार सुंदर आलाय. पक्षी म्हणजे त्यात चार ठिपके. चढवून स्वतःची शोभा करून घेत नाही.

---

नंदिनी_खानापूर

काका, फोटोची गरजच नाही, वर्णनातच सगळं आलंय. अॅप बरोबर आहे, सगळे रफच. मोठे ते नर, बारके त्या माद्या. नर २९ ते ३२ सेंटिमीटर, मादी २२ ते २६. वजनात फरक आणखी मोठा: नर १८० ग्रॅमच्या आसपास, मादी ११०. किनाऱ्यावरच्या आणि चिखलातल्या पक्ष्यांत नर-मादीत एवढी तफावत सहसा नसते, म्हणून भाचा चुकला यात त्याचा काही दोष नाही. इंग्रजीत तर दोघांना नावंही वेगळी आहेत. नर 'रफ', मादी 'रीव्ह'.

पायांच्या रंगावर मात्र विसंबू नका. कोवळ्या पक्ष्यांचे पाय शेवाळी असतात आणि वय वाढेल तसे नारिंगीकडे झुकतात. नारिंगी पाय बघून लोक याला रेडशँक समजतात. रेडशँकची चोच लांब, सरळ आणि बुडाशी लाल असते, उडताना त्याच्या पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसते, आणि तो ओरडून अख्खं तळं उठवतो. रफची चोच आखूड, किंचित खाली वळलेली. उडाला की शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल ठिपके दिसतात. आणि तो मुका. तुम्ही 'कुणी तोंड उघडलं नाही' लिहिलंत तिथंच माझी खात्री पटली.

एकटी मादी दिसली तर मात्र वूड सँडपायपर म्हणून लिहिली जाण्याचा धोका असतो. मी स्वतः दोन हिवाळे तेच केलंय.

अवांतर: पांढऱ्या मानेचा नर म्हणजे कुणी पाहुणा नाही. काही नरांची मान हिवाळ्यातही पांढरी असते.

---

राजू_हुक्केरी

मी कन्नड शाळेत शिकलोय, मराठीत लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

हे पक्षी आमच्या शेताच्या खालतीच दिसालेत की. धरणाचं पाणी उतरलं की गाळपेर असते ना आमची, तिथं. दिवाळीच्या आधीच येतात, उन्हाळा तापला की जातात. कापणी झालेल्या भाताच्या रानात पण बघितलेत. किडे खातात की दाणे? आमचा आज्जा म्हणायचा, दाणे खातात, हाकला. मी हाकलत नाही, पडलेलेच दाणे खाऊलेत तर खाऊ देत.

नावाचं म्हणाल तर आमच्यात पाण्याकाठी शेपूट हलवत फिरणारं सगळंच तुतवार. बाकी ओरडतंय ती टिटवी, न ओरडणारं ते 'हक्की', म्हणजे नुसतं पाखरू.

---

नंदिनी_खानापूर

@राजू, तुमचे आजोबा बरोबर होते. बहुतेक सँडपायपर किडे-अळ्यांवर जगतात, पण रफ हिवाळ्यात धान्यही भरपूर खातो, भात तर आवडीनं. आफ्रिकेतल्या भातशेतीतही हेच चालतं. आपल्याकडे येणारे रफ सायबेरियाकडून येतात. तिथून इथवर उडून आलेल्याला चार दाणे तुम्ही दिलेत, हे वाचून बरं वाटलं.

---

निवृत्त_गुरुजी

घटप्रभाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो.

आधी शब्दांची एक अडचण. मराठीत काही पुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे जीनस असतं, आणि वर्तमानपत्रांत 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज. वाचणारा बिचारा मधेच लटकतो. मी इथं जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, 'वंश' आणि स्पीशीजला 'जात' म्हणतो. पटत नसेल त्यांनी मनातल्या मनात बदलून घ्यावं.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयसनं १७५८ साली या पक्ष्याला 'ट्रिंगा पग्नॅक्स' म्हटलं. पग्नॅक्स हा लॅटिन शब्द, अर्थ भांडखोर. १८०४ साली मेरेम या जर्मन अभ्यासकानं त्याला स्वतंत्र वंश दिला, फिलोमॅकस. ते ग्रीक, अर्थ लढाईची आवड असलेला. म्हणजे 'फिलोमॅकस पग्नॅक्स' हे 'लढाईप्रिय भांडखोर' झालं. एखाद्या गावगुंडाला शोभेल असं नाव. गंमत अशी की कॅलिड्रिस हा वंशही याच मेरेमनं याच १८०४ साली केला. दोन खोल्या एकाच माणसानं एकाच वर्षी बांधल्या, आणि दोनशे वर्षांनी मधली भिंत काढली गेली.

पुस्तकात शास्त्रीय नावानंतर (लिनेयस, १७५८) असं कंसात दिसतं. तो कंस उगाच नसतो. कंस असेल तर समजायचं, की जात त्या माणसानं सांगितली खरी, पण तेव्हा वंश दुसरा होता. कंस नसेल तर वंश पहिल्यापासून तोच आहे. आम्ही शाळेत जीवशास्त्र शिकवताना हे कधी सांगितलं नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक. वंश बदलला की लॅटिन व्याकरणाप्रमाणे जातीच्या नावाचं लिंगही बदलावं लागतं. फिलोमॅकस पुल्लिंगी, कॅलिड्रिस स्त्रीलिंगी. पण 'पग्नॅक्स' दोन्ही लिंगांत सारखंच राहतं, म्हणून आपल्या भांडखोराचं आडनाव बदललं तरी पाळण्यातलं नाव शाबूत राहिलं.

---

मूळ_बेळगाव_सध्या_पुणे

गुरुजी, माहितीला दंडवत. पण मला हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटतो. पक्षी तोच, चोच तीच, येतोय तसाच येतोय. मग नाव कशाला बदलायचं? माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत, तिन्हींत नावं वेगळी. दर दहा वर्षांनी कुणाला तरी उबळ येते. आपल्या गावाचंही तेच झालं. १ नोव्हेंबर २०१४ ला रात्रीतून पाट्या बदलल्या, आणि आम्ही अजून

---

संपादक

इथंच थांबावं ही विनंती. सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे आणि तिथं आधीच ४०० प्रतिसाद पडलेत. या धाग्यावर पक्षी.

---

तंबाखूची_वखार

पक्ष्यांनाच सीमाप्रश्न नाही, आणि बघा, त्यांच्या धाग्यावर पण निघालाच. 😄

---

नंदिनी_खानापूर

@मूळ_बेळगाव, चिडू नका, तुमचा प्रश्न चांगला आहे. उबळ नाही ती.

समजा एका गावात पाटलांची सात भावंडं आहेत. सहाजण धोतर-पटकेवाले. उरलेल्या एकाला झगमगीत फेटे बांधायची हौस, जत्रेत ढोलाबरोबर नाचतो, सारखी मारामारी करतो. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यानं त्याच्याकडे बघून ठरवलं, हा आपल्यातला नव्हेच, याचं घराणं वेगळं. मग शंभर-दोनशे वर्षांनी कुणीतरी जुने कागद काढले आणि दिसलं, की हा चौथ्या नंबरचा सख्खा भाऊ. तिसरा आणि पाचवा पाटील, आणि मधला चौथा दुसऱ्याच घराण्यात? असा कुलवृत्तांत चुकीचाच म्हणायचा.

रफचं नेमकं हेच झालं. नराच्या विणीच्या हंगामातल्या पिसाऱ्याला भुलून त्याला वेगळा वंश दिला गेला. २०१२ साली या गटाच्या अनेक जनुकांची तुलना झाली, तेव्हा रफ कॅलिड्रिसच्या झाडाच्या आतल्या फांदीवर बसलेला निघाला. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे ब्रॉड-बिल्ड आणि शार्प-टेल्ड सँडपायपर. दोघं दिसायला अगदी साधे.

आता दोनच वाटा उरतात. एक, रफला आणि त्याच्यासारख्या बाहेर काढलेल्या सगळ्यांना घरात घ्यायचं. दोन, कॅलिड्रिसचे तुकडे करून पाच-सहा वंश करायचे. दुसरी वाट चुकीची नाही. पण कॅलिड्रिस हे नाव रेड नॉट या जातीशी बांधलेलं आहे, त्यामुळे ते त्याच्या जवळच्या चार-दोन जातींकडेच राहिलं असतं, आणि आपल्या तळ्यांवरच्या लिटल स्टिंटपासून सगळ्यांची नावं बदलली असती. २०१३ साली अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या यादीनं पहिली वाट घेतली आणि फिलोमॅकससह पाच छोटे वंश कॅलिड्रिसमध्ये विलीन केले. बाकीच्या मोठ्या याद्यांनीही तोच मार्ग धरला. म्हणजे तुमच्यासारख्या तीन पुस्तकं बाळगणाऱ्यांची त्यातल्या त्यात कमी गैरसोय होईल असाच पर्याय निवडलाय!

त्या पाचांतलाच एक स्पून-बिल्ड सँडपायपर. चिमणीएवढा जीव, चोचीच्या टोकाला चमचा. लिनेयसनं १७५८ मध्ये तो चमचा बघितला आणि त्याला थेट मोठ्या चमच्या पक्ष्याच्या वंशात, प्लॅटलियात टाकलं. पुढं युरिनोऱ्हिंकस असा स्वतंत्र वंश मिळाला, आता कॅलिड्रिस पिग्मिया. दोन्ही वेळा चमच्यानंच घोळ केला. आज तो जगातल्या सर्वात धोक्यात आलेल्या पक्ष्यांपैकी एक आहे.

---

निवृत्त_गुरुजी

पाटलांचं उदाहरण झकास. माझे दोन विद्यार्थी आठवले, नावं सांगत नाही.

@मूळ_बेळगाव, एक घरगुती उदाहरण देतो. आपली टिटवी. १७८३ साली बोडार्ट या डच अभ्यासकानं तिला नाव दिलं तेव्हा तीसुद्धा 'ट्रिंगा इंडिका' होती. त्या काळी ट्रिंगा म्हणजे अडगळीची खोली, पाण्याकाठचा कुठलाही पक्षी आणून टाका. पुढं ती व्हॅनेलस इंडिकस झाली. ज्या चित्रावरून तिचं वर्णन झालं त्यात ठिकाण दिलंय गोवा. म्हणजे चोर्ला घाट उतरला की जगातल्या सगळ्या लाल गलोलीच्या टिटव्यांचं शास्त्रीय माहेर. आज टिटवी आणि रफ एका कुळातही नाहीत. टिटवीचं कूळ कॅरॅड्रिडी, रफचं स्कोलोपॅसिडी. गण मात्र एकच, आणि त्याच गणात कुरव, सुरय आणि कमळपक्षीसुद्धा येतात.

---

मूळ_बेळगाव_सध्या_पुणे

टिटवीचं माहेर गोवा? हे मात्र मान्य केलं. शब्द मागे घेतो, पण अर्धेच.

---

चोर्लाघाट

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. एवढा भांडखोर-भांडखोर म्हणताय, आणि काकांना दीड तासात एक शब्द ऐकू आला नाही. हा भांडतो कधी?

---

नंदिनी_खानापूर

आपल्याकडे भांडत नाहीच. आपल्याकडे तो नोकरीवर येतो, जत्रा त्याच्या गावाला असते.

मे-जूनमध्ये उत्तरेकडच्या ओल्या गवताळ भागात, स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंत, नर ठरावीक माळावर जमतात. आपल्या जत्रेतला कुस्तीचा आखाडाच. तोपर्यंत प्रत्येकाच्या मानेभोवती पिसांची मोठी झालर आणि डोक्यावर दोन तुरे आलेले असतात. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात श्रीमंत लोक गळ्याभोवती जी चुणीदार कॉलर घालत, तिला रफ म्हणत. तिच्यावरूनच पक्ष्याला हे नाव पडलं. झालरीचा रंग प्रत्येकाचा निराळा: काळा, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचा, पांढरा. माद्या काठावरून फिरत पसंती करतात. हे सगळं जवळपास मुक्यानं चालतं. उड्या, पंखांची फडफड, झटापट, आणि आवाज नाही.

खरी मजा पुढं आहे. नरांचे तीन प्रकार असतात.

पहिले, गडद झालरीचे. शंभरात पंचाऐंशीच्या आसपास. प्रत्येकाची आखाड्यात मीटरभर जागा, तिच्यासाठी मारामारी. पग्नॅक्स नाव यांच्यामुळे.

दुसरे, पांढऱ्या झालरीचे, 'सॅटेलाइट'. यांची स्वतःची जागा नाही. दुसऱ्याच्या जागेत जाऊन वाकून बसतात. मालक हाकलत नाही, उलट बोलावतो, कारण दोघं एकत्र दिसले की माद्या जास्त येतात. वस्तादाच्या अंगणात रोज चहाला येणारा, आणि संधी मिळाली की हात मारणारा.

तिसरे शंभरात एखादा. यांना झालरच येत नाही. माद्यांपेक्षा जरा मोठे, नरांपेक्षा लहान, रूप बाईचं. आखाड्यात बिनबोभाट फिरतात, कुणाला संशय येत नाही. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी २००६ साली हे दाखवून दिलं आणि त्यांना 'फेडर' नाव दिलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाप!

घरटं, चार अंडी, पिल्लं, सगळं मादी एकटीच बघते. आखाड्यातले तिन्ही पैलवान तोवर पसार.

---

तंबाखूची_वखार

तिसऱ्या प्रकारावर कन्नड आणि मराठी दोन्ही रंगभूमींवर नाटक निघेल.

---

राजू_हुक्केरी

ताई, मग माझा एक प्रश्न. नर-मादी वेगळी दिसतात, ठीक. पण नरच तीन प्रकारचे, रूप वेगळं, वागणं वेगळं, आणि जन्मभर तसेच राहतात. मग या तीन जाती का नव्हेत? आमच्या बैलांत एवढा फरक असला तर आम्ही खिलार वेगळा, कृष्णाकाठचा वेगळा म्हणतो.

---

नंदिनी_खानापूर

@राजू, संपूर्ण धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न. तुमच्या बैलांच्या जाती आपण माणसांनी वेगळ्या ठेवून जपल्या. इथं तसं नाही. एकाच घरट्यात, एकाच आईची पिल्लं, त्यातून एक गडद निघतो, दुसरा सॅटेलाइट. माद्या एकीकडेच जात नाहीत. अर्ध्याहून जास्त घरट्यांत एकापेक्षा जास्त बाप असतात. रक्त सगळं मिसळलेलं, म्हणून जात एकच.

फरक येतो तो गुणसूत्राच्या एका तुकड्यातून. २०१६ साली दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं, की सॅटेलाइट आणि फेडर यांच्यात डीएनएच्या सुमारे ४५ लाख अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला आहे. शिवताना कापडाचा पट्टा फिरवून लावावा तसा. हा उलटा तुकडा सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी झाला. त्यात शंभरावर जनुकं आहेत, आणि ती एकत्रच पुढच्या पिढीत जातात. म्हणून रंग, आकार, वागणूक हे सगळं एका गठ्ठ्यात येतं. सॅटेलाइट हा प्रकार त्याच तुकड्यात नंतर पुन्हा थोडी अदलाबदल होऊन आला. आईबाप दोघांकडूनही उलटा तुकडा आला तर पिल्लू जगत नाही. म्हणून हे दोन प्रकार कायम अल्पसंख्य राहतात, पण संपतही नाहीत.

हिवाळ्यात आपल्या गाळात फेडर ओळखता येईल का, हे विचारू नका. मापात मधला दिसला तरी मी तरी वहीत लिहिणार नाही.

याच्या उलट गोष्ट कॉक्स सँडपायपरची. १९८२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून ती नवी जात म्हणून जाहीर झाली. पुढं जनुकं तपासली तर ती जातच नव्हती. पेक्टोरल सँडपायपर नर आणि कर्ल्यू सँडपायपर मादी यांचा तो संकर निघाला. इथं तीन रूपं मिळून एक जात, तिथं नवी म्हणून मिरवलेली जात म्हणजे दोन जातींची मिसळ.

---

राजू_हुक्केरी

समजलं. कापड फिरवून लावल्याचं एकदम बसलं डोक्यात. आमच्या घरी शिलाई मशीन आहे.

---

चोर्लाघाट

मराठी नाव सुचवा कुणीतरी. 'भांडखोर तुतवार'?

---

निवृत्त_गुरुजी

आपल्याकडे भांडतच नाही त्याला भांडखोर कसं म्हणायचं? इथं जे दिसतं त्यावरून नाव असावं. मुका तुतवार.

---

मूळ_बेळगाव_सध्या_पुणे

नाव बदलायला माझा विरोध आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. पण मुका तुतवार चालेल.

---

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन आलो, या वेळी भाच्यानं मोजले: ४१ मोठे, २७ छोटे. वहीत पूर्वी '३८ आणि २५, दोन जाती' लिहिलं होतं, त्यातलं 'दोन जाती' त्यानंच खोडलं. पुस्तकातलं फिलोमॅकस मात्र मी खोडलेलं नाही. समासात पेन्सिलीनं कॅलिड्रिस लिहिलंय.

नंदिनीताई, एप्रिलमध्ये परतीच्या आधी एखाद्या नराच्या मानेवर झालरीची पिसं फुटायला लागलेली दिसू शकतात का?

---

नंदिनी_खानापूर

दिसतात, नशीब असेल तर. पूर्ण झालर नाही, मानेवर गडद पिसांचे डाग. त्यासाठी उशिरापर्यंत थांबलेले नर शोधावे लागतील, आणि तोवर गाळ वाळलेला नसला पाहिजे.

---

राजू_हुक्केरी

गाळ आमच्या बाजूला शेवटपर्यंत ओला असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी या सगळेजण. पहाटे साडेपाचला हिडकल डॅमच्या फाट्यावर थांबतो, तिथून बांधावरनं चालत. चप्पल घालून येऊ नका, चिखलात राहते. चहा आमच्याकडे.

---

तंबाखूची_वखार

+१. मी येताना खरा कॅमेरा आणतो. काका, तुमची दुर्बीण घरी ठेवू नका.